कमी विजेवर चालणारा खिशातला एफएम रेडिओ: सीमाभागातील नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

अँटेनाकडून आलेला क्षीण संकेत वाढवायचा, त्यातून हव्या त्या केंद्राचा संकेत वेगळा काढायचा, त्यातला आवाज सोडवून घ्यायचा आणि शेवटी डावा व उजवा भाग निराळा करायचा, ही एफएम रेडिओची सगळी कामे आज नखाएवढी एक चिप करते आणि त्यासाठी तिला जेमतेम वीस मिलिअँपिअर वीज पुरते. जुन्या रेडिओत १०.७ मेगाहर्ट्झची छोटी ट्रान्सफॉर्मर-डबी असे आणि तिचा गाभा पेचकसाने फिरवून जुळवावा लागे. या चिपा मधली वारंवारता, म्हणजे आलेला संकेत गाळण्यासाठी ज्या ठरावीक वारंवारतेवर आणतात ती, फारच खाली आणतात (टीईए५७६७ या चिपमध्ये ती २२५ किलोहर्ट्झ आहे), त्यामुळे गाळणीही चिपच्या आतच बसते आणि जुळवण्याचे काम उरत नाही. म्हणूनच बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील पॉलिटेक्निकच्या किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याला, किंवा हौसेने हात घालणाऱ्या कोणालाही, असा रेडिओ एका सुट्टीत उभा करता येतो.

मात्र एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. चिप कमी वीज खाते, याचा अर्थ रेडिओ कमी वीज खातो असा होत नाही. चिपभोवतीचे रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग), नियंत्रक (चिपला हुकूम देणारा छोटा संगणक), पडदा आणि ध्वनिवर्धक हे मिळून तिच्या कितीतरी पट वीज सहज खाऊन जातात. त्यामुळे या लेखात चिप जोडण्याइतकीच जागा बॅटरीच्या हिशेबाला आणि अँटेनाला दिली आहे. घाटाकडच्या गावांत तर अँटेनाला अधिकच.

काय ऐकू येईल, हे आधी ठरवा

भारतात एफएम प्रसारण ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते आणि हे संकेत जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की ते क्षीण होतात. बेळगाव शहरात केएलई संस्थेचे वेणुध्वनी हे सामुदायिक केंद्र ९०.४ मेगाहर्ट्झवर आहे. सामुदायिक केंद्रांना साधारणतः १०० वॅट इतक्याच प्रभावी शक्तीची परवानगी असते, म्हणून त्यांचा आवाका शहर आणि भोवतालची गावे एवढाच धरावा. खानापूर शहरात ते लागेलच असे गृहीत धरू नये आणि जांबोटीच्या पुढे तर त्याची आशाच ठेवू नये. निपाणी आणि चिकोडीच्या बाजूला कोल्हापूर जवळ पडते, तेव्हा तिथे कोल्हापूर आकाशवाणीचे १०२.७ आणि टोमॅटो एफएमचे ९४.३ ही दोन केंद्रे आधी शोधावीत. कणकुंबीकडे घाटमाथ्यावर पश्चिमेला मोकळी जागा मिळाली, तर पणजीचे एफएम रेनबो १०५.४ वर शोधून पाहण्याजोगे आहे.

आपल्याकडच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकले जाणारे धारवाड केंद्र ७६५ किलोहर्ट्झवर आणि सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्झवर आहे. ही मध्यम लहरींची प्रसारणे असल्याने केवळ एफएमसाठी बनवलेली चिप ती पकडू शकत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी रेडिओ बनवणार असाल, तर हे त्यांना आधी सांगितलेले बरे.

चिपची निवड

बाजारात नवशिक्याच्या हाती प्रामुख्याने तीन चिपा येतात. फिलिप्सने बनवलेली आणि पुढे एनएक्सपीच्या नावाने ओळखली गेलेली टीईए५७६७ सर्वांत जुनी आहे. तिला २.५ ते ५ व्होल्ट चालतात आणि तिची भाषा फक्त पाच बाइटांची असल्याने शिकायला ती फार चांगली. पण तिच्यातून निघणारा आवाज सुमारे ७५ मिलिव्होल्ट इतकाच असतो. त्यावर इअरफोन चालत नाही, त्यामुळे टीडीए२८२२एमसारखा ध्वनिवर्धक जोडावा लागतो आणि त्याची वीज वेगळी मोजावी लागते. आवाज कमी-जास्त करण्याची सोयही तिच्यात नाही.

सिलिकॉन लॅब्जची एसआय४७०३ गुणवत्तेने उत्तम आहे. मात्र तिला जागे करताना रीसेटची तार आणि डेटाची तार विशिष्ट क्रमाने खालीवर करावी लागते, तरच ती दोन तारांच्या पद्धतीत बोलते. पहिल्याच रेडिओत ही डोकेदुखी नको.

तिसरी आरडीए५८०७एम. ती इअरफोन थेट चालवते, आवाजाच्या सोळा पायऱ्या तिच्यातच आहेत आणि संकेत किती जोरदार आहे हे ती आकड्यात सांगते. तिला २.७ ते ३.३ व्होल्ट हवेत. पाच व्होल्ट दिले तर ती जळण्याची शक्यता मोठी. पहिल्या रेडिओसाठी माझी शिफारस हीच आहे. सुटी चिप घेऊन सोल्डर करण्याच्या भानगडीत पडू नये, ३२.७६८ किलोहर्ट्झच्या स्फटिकासह छोट्या हिरव्या पट्टीवर बसवलेले तयार मॉड्यूल आरआरडी-१०२ या नावाने मिळते, तेच घ्यावे. त्याच्या कडेच्या जोडांमधले अंतर ब्रेडबोर्डच्या भोकांपेक्षा कमी असते, म्हणून प्रत्येक जोडाला बारीक तार सोल्डर करून ती पिनांच्या पट्टीला जोडावी.

खरेदी करताना एक सावधगिरी बाळगावी. याच आकाराची एफएम ट्रान्समीटर मॉड्यूलेही त्याच दुकानांत आणि संकेतस्थळांवर शेजारीशेजारी मांडलेली असतात. प्रसारण करण्यासाठी परवाना लागतो. आपल्याला रिसीव्हर हवा आहे, हे नाव नीट वाचून खात्री करून घ्यावे.

जोडणी

नियंत्रक म्हणून ३.३ व्होल्टवर आणि ८ मेगाहर्ट्झवर चालणारा अर्दुइनो प्रो मिनी घ्यावा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सर्रास असणारा अर्दुइनो उनो पाच व्होल्टचा आहे. त्याच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरून मॉड्यूलला वीज देता येते, तरीही आयटूसीच्या (नियंत्रक आणि चिप ज्या दोन तारांच्या पद्धतीने बोलतात तिच्या) तारांवर उनोची वायर लायब्ररी आतूनच पाच व्होल्टकडे ओढ लावते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. उनोच वापरायचा असेल तर मध्ये व्होल्टेज-पातळी बदलणारी छोटी पट्टी घालावी.

मॉड्यूलची जमीन (ग्राउंड) नियंत्रकाच्या जमिनीला आणि वीजपुरवठा ३.३ व्होल्टला जोडावा. या दोहोंमध्ये, मॉड्यूलच्या अगदी जवळ, ०.१ मायक्रोफॅरड आणि १० मायक्रोफॅरड असे दोन कपॅसिटर लावावेत. एसडीए (डेटाची) ही तार नियंत्रकाच्या ए४ पिनला आणि एससीएल (क्लॉकची) ए५ ला जाते. दोन्ही तारांवरून ३.३ व्होल्टला ४.७ किलोओहमचा एकेक रेझिस्टर जोडावा. डाव्या आणि उजव्या आवाजाच्या पिनांवरून १०० मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर घालून, त्याचे अधिक टोक चिपकडे ठेवून, इअरफोनच्या जॅकला तारा न्याव्यात. अँटेनाच्या पिनला तूर्त ७५ सेंटिमीटर लांबीची साधी तार सोल्डर करावी. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटर असते आणि ही तार तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी असते.

वीज देण्यापूर्वी मल्टिमीटरने ३.३ व्होल्ट आणि जमीन यांच्यात शॉर्ट नाही ना, हे तपासावे. मग आयटूसीवरील पत्ते शोधणारा छोटा प्रोग्राम चालवावा. आरडीए५८०७एम असेल तर हेक्समध्ये (० ते एफ अशा सोळा अंकांच्या पद्धतीत) १०, ११ आणि ६० असे तीन पत्ते दिसतात, कारण ही चिप तीन निरनिराळ्या पद्धतींनी बोलू शकते आणि ६० या पत्त्यावर ती टीईए५७६७ चे सोंग घेते. केवळ ६० दिसले, तर हातात खरी टीईए५७६७ आहे असे समजावे. बाजारात एकीच्या नावाखाली दुसरी विकली जाते, म्हणून ही चाचणी टाळू नये. एकही पत्ता दिसला नाही, तर दहापैकी नऊ वेळा एसडीए आणि एससीएल यांची अदलाबदल झालेली असते किंवा कडेचा जोड नीट बसलेला नसतो.

चिपशी बोलणे

तयार लायब्ररी मिळतात आणि पुढे त्या वापरायला हरकत नाही, परंतु पहिले केंद्र हाताने लावून पाहावे, म्हणजे बिघाड झाल्यावर कुठे पाहायचे ते कळते. पत्ता ११ वर बोलताना आधी रजिस्टरचा (चिपमधल्या आकडा ठेवायच्या कप्प्याचा) क्रमांक, मग वरचा बाइट आणि शेवटी खालचा बाइट पाठवायचा असतो.

वीज दिल्यावर स्फटिक स्थिर होण्यासाठी अर्धा सेकंद थांबावे. मग रजिस्टर ०२ मध्ये हेक्स ०००२ लिहावे, म्हणजे चिप स्वतःला पूर्वपदावर आणते. थोडे थांबून त्याच रजिस्टरमध्ये सी००१ लिहावे. यातला शेवटचा १ चिप चालू करतो आणि वरचे दोन बिट आवाज बाहेर सोडतात. रजिस्टर ०४ मध्ये ०ए०० लिहावे. यातल्या अकराव्या बिटामुळे (बिट उजवीकडून ० पासून मोजायचे) डी-एम्फसिस ५० मायक्रोसेकंदांचे होते. प्रसारण करताना तीव्र स्वर मुद्दाम वाढवून पाठवतात आणि रिसीव्हरने ते तेवढ्याच प्रमाणात उतरवायचे असतात. हे प्रमाण भारतात ५० मायक्रोसेकंदांचे, तर अमेरिकेत ७५ चे आहे. परदेशी लेखकाचा नमुना जसाच्या तसा उतरवला की आवाज किंचित कोंदट येतो आणि मग माणूस उगाच इअरफोनला दोष देतो. रजिस्टर ०५ मध्ये ८८८५ लिहावे. शेवटचा अंक आवाजाची पातळी आहे आणि तो ० पासून एफ पर्यंत बदलता येतो.

आता केंद्र. ८७ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १०० किलोहर्ट्झच्या पायऱ्या धरल्या, तर हव्या असलेल्या वारंवारतेतून ८७ वजा करून दहाने गुणले की वाहिनीचा क्रमांक मिळतो. ९०.४ साठी तो ३४ येतो. हा आकडा रजिस्टर ०३ मध्ये सहा घरे डावीकडे सरकवून ठेवायचा आणि चौथा बिट १ करायचा, म्हणजे 'आता लाव' असा हुकूम होतो. हिशेब केल्यावर हेक्समध्ये उत्तर ०८९० येते. ते लिहिले की बेळगाव शहरात वेणुध्वनी लागायला हवे. निपाणीत बसून हे करत असाल तर १०२.७ साठी वाहिनी १५७ धरावी. त्याचे उत्तर २७५० येते.

टीईए५७६७ हाती असल्यास हिशेब निराळा आहे. केंद्राच्या वारंवारतेत २२५ किलोहर्ट्झ मिळवावेत, चाराने गुणावे आणि ३२,७६८ ने भागावे. ९०.४ साठी ११,०६३ हा आकडा येतो, हेक्समध्ये २बी३७. पहिले दोन बाइट हेच. तिसऱ्या बाइटात हेक्स १०, चौथ्यात हेक्स १० आणि पाचव्यात ०० पाठवावे. चौथ्या बाइटातला १० तिला ३२.७६८ किलोहर्ट्झचा स्फटिक असल्याचे सांगतो; तो विसरला तर केंद्र काही केल्या लागत नाही.

आवाज आला तरी लगेच पेटीत भरू नये. आरडीए५८०७एमच्या रजिस्टर ०बी मधले वरचे सात बिट संकेताचा जोर सांगतात आणि त्याखालचा आठवा बिट 'इथे खरेच केंद्र आहे' असे सांगतो. ८७.५ पासून १०८ पर्यंत एकेक पायरी चढत हे आकडे लॅपटॉपवर छापून घ्यावेत. आपल्या गावात काय येते, याची अशी यादी दुसरीकडे कुठे तयार मिळत नाही. हीच यादी पुढे अँटेनाची जागा ठरवतानाही उपयोगी पडते. आरडीएसच्या, म्हणजे केंद्राचे नाव पडद्यावर आणण्याच्या, नादी पहिल्या रेडिओत लागू नये.

वीज: खरे काम इथे आहे

आरडीए५८०७एम सुमारे २० मिलिअँपिअर घेते. नियंत्रक जागा असताना ३ ते ४ मिलिअँपिअर खातो. मात्र एकदा केंद्र लावले की चिपला त्याची गरज उरत नाही. ती स्वतःच त्या केंद्राला धरून राहते. म्हणून बटण दाबल्यावरच जागा होईल असा प्रोग्राम लिहावा आणि एरवी नियंत्रकाला गाढ झोपवावे. यात वीज तर वाचतेच, शिवाय आयटूसीच्या तारा शांत राहिल्याने क्षीण केंद्राच्या मागची खरखरही कमी होते. प्रो मिनीवरचा सतत जळणारा लाल दिवा आणि त्याचा रेग्युलेटर काढून टाकावा. एवढे केल्याशिवाय झोपेतली वीज मायक्रोअँपिअरमध्ये येत नाही.

इथेच रेग्युलेटरची निवड महत्त्वाची ठरते. स्वस्त पट्ट्यांवर बहुधा एएमएस१११७ असतो. तो स्वतःच सुमारे ५ मिलिअँपिअर खातो आणि त्याला आत येणारा दाब (व्होल्टेज) बाहेरच्यापेक्षा एका व्होल्टाहून अधिक लागतो, ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलवर तो ३.३ व्होल्ट देऊच शकत नाही. त्याऐवजी एमसीपी१७०० चा ३ व्होल्टचा प्रकार घ्यावा. तो स्वतःसाठी अवघे १.६ मायक्रोअँपिअर घेतो आणि सेल जवळजवळ रिकामा होईपर्यंत काम करतो. चिप आणि ८ मेगाहर्ट्झचा नियंत्रक, दोन्ही ३ व्होल्टवर नीट चालतात.

आता हिशेब पाहा. २००० मिलिअँपिअर-तासांचा १८६५० सेल असेल आणि एकूण वापर २२ मिलिअँपिअर असेल, तर कागदावर ९० तास भरतात. प्रत्यक्षात त्याहून थोडे कमी धरावेत. त्याच जागी ईएसपी३२ वापरून त्याचे वाय-फाय चालू ठेवले, तर एकट्या नियंत्रकालाच १०० मिलिअँपिअरच्या आसपास वीज लागते आणि रेडिओ पंधरा-सोळा तासांत मान टाकतो. चिप दोन्हीकडे तीच आहे. ओएलईडी पडदा हवाच असेल तर तो पाच सेकंदांनी आपोआप बंद व्हावा, कारण तो वीज खातो आणि त्याच्या आत दाब वाढवणारे जे स्विचिंग सर्किट असते ते खरखरही घालते. स्पीकरपेक्षा इअरफोन बरा, याचे कारणही विजेतच आहे.

पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसलेल्या घाटाकडच्या गावांत हा फरक कामाचा आहे. तिथे लिथियम सेलऐवजी तीन एनआयएमएच (पुन्हा भरता येणारे) पेन्सिल सेलही चालतील. त्यांचे ३.६ व्होल्ट होतात. दोनच सेल घेतले तर २.४ व्होल्टच मिळतात आणि आरडीए५८०७एमला ते पुरत नाहीत.

लिथियम सेल भरण्यासाठी टीपी४०५६ ची पट्टी वापरतात. तिचे दोन प्रकार मिळतात, एक संरक्षण-चिपसह आणि एक तिच्याशिवाय. संरक्षण असलेलाच घ्यावा. ती मुळात एक अँपिअरने सेल भरते. छोटा ५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल लावणार असाल तर पट्टीवरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून ५ किलोओहमचा घालावा, म्हणजे भरण्याचा प्रवाह सुमारे २५० मिलिअँपिअरवर येतो. फुगलेला किंवा जुन्या मोबाइलमधून काढलेला संशयास्पद सेल कितीही फुकट मिळाला तरी वापरू नये.

अँटेना आणि जागा

खिशातल्या रेडिओला ७५ सेंटिमीटरची लोंबती तार सोयीची नसते, म्हणून मोबाइलप्रमाणे इअरफोनच्या दोरीचाच अँटेना करतात. जॅकचा जमिनीचा जोड थेट जमिनीला न जोडता फेराइट मण्यातून किंवा छोट्या इंडक्टरमधून जोडायचा आणि त्याच जोडावरून १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर मॉड्यूलच्या अँटेना-पिनकडे न्यायचा. आवाजाच्या मंद लहरी मण्यातून निर्धास्त जातात, पण १०० मेगाहर्ट्झच्या लहरींना तो अडवतो, आणि कपॅसिटर बरोबर याच्या उलटे काम करतो. डाव्या-उजव्या तारांवरही असाच एकेक मणी घालावा. दोरी गुंडाळून खिशात ठेवली तर संकेत पडतो. ती अंगावर सरळ लोंबू द्यावी.

जोर तपासताना मघाचे आकडे वापरावेत. खोलीच्या मध्यभागी, खिडकीत, अंगणात आणि माळ्यावर एकाच केंद्राचा आकडा टिपून ठेवावा. जाड चिऱ्याच्या किंवा दगडी भिंती आणि पत्र्याचे छप्पर यांच्या आत आकडा किती कोसळतो, हे पाहिले की सोल्डरवरचा संशय आपोआप मिटतो. मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा आणि चालू असलेला लॅपटॉप हे खरखरीचे तीन मोठे धनी. चाचणी नेहमी बॅटरीवर आणि यांच्यापासून दूर करावी. सेल भरत असताना रेडिओ ऐकून त्याच्या आवाजाबद्दल मत बनवू नये.

केंद्र क्षीण पण ऐकू येण्याजोगे असेल, तर स्टिरिओ बंद करून मोनो लावावे. रजिस्टर ०२ मध्ये सी००१ ऐवजी ई००१ लिहिले की काम होते आणि फुसफुस लक्षणीय कमी होते. बातम्या आणि भाषणे ऐकण्यासाठी मोनोच पुरेसे आहे. यासाठी वेगळे बटण ठेवणे मला फार उपयोगी वाटते.

घाटाकडे बाहेरची तार छपरावर नेण्याचा मोह होतो. साध्या तारेने फायदा होतोही, पण वळवाच्या गडगडाटात ती काढून ठेवणे सक्तीचे समजावे, आणि तार वीजवाहिनीच्या जवळून कधीही नेऊ नये.

पेटीत बसवताना

पेटी प्लॅस्टिकची घ्यावी. पत्र्याच्या डबीत अँटेना बंद होतो. सोल्डरचा चिकट राळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टाकावा, कारण जून ते सप्टेंबरपर्यंत खानापूरच्या पट्ट्यात हवेतली ओल त्यावर साचते आणि झोपेतली वीज हळूहळू वाढत जाते. सेलचा दाब मोजण्यासाठी एक-एक मेगओहमचे दोन रेझिस्टर लावावेत. त्यांच्यातून केवळ दोन मायक्रोअँपिअर वाहतात. मधल्या टोकावर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मात्र हवा, नाहीतर नियंत्रक चुकीचा आकडा वाचतो. सेल ३.२ व्होल्टवर आला की रजिस्टर ०२ मधला शेवटचा बिट ० करून चिप बंद करावी आणि नियंत्रकाला झोपवावे.

पेटी बंद करण्यापूर्वी मल्टिमीटर सेलच्या तारेत घालून दोन आकडे पाहावेत. केंद्र चालू असताना २० ते २५ मिलिअँपिअर आणि बंद असताना काही मोजके मायक्रोअँपिअर यायला हवेत. बंद अवस्थेत एक मिलिअँपिअर जरी दिसला, तर एखादा दिवा काढायचा राहिला आहे, जुना रेग्युलेटर अजून जोडलेला आहे किंवा चिप खरोखर झोपलेली नाही, याच क्रमाने शोध घ्यावा.